तिसऱ्या हौदाचा आकडा

"जमलं का, बाय?" मुकादमाने विचारलं.

मी थर्मामीटर पाण्यातून काढला, पुसला, वहीत आकडा लिहिला आणि मग म्हटलं, "नाही जमलं."

मुकादमाने टोपी काढली, हौदाकडे तोंड करून कपाळाला हात लावला आणि बांधावरून निघून गेला. दोन हिवाळे हा माणूस रोज सकाळी सात वाजता हाच प्रश्न विचारत होता आणि माझं हेच उत्तर ऐकून समाधानाने जात होता. मला वाटायचं, माझी कीव करतोय. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि जगातला प्रत्येक माणूस एक तर माझी कीव करतोय नाहीतर माझ्या वाटेत उभा आहे, अशी माझी ठाम समजूत होती.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या जानेवारीची. पेणच्या खाडीपलीकडे खारडोंगरी नावाच्या वस्तीजवळ एक जुनं मिठागर होतं. समुद्राच्या पाण्यातून आपलं खायचं मीठ काढून घेतलं की मागे दाट, चहाच्या रंगाचं, जिभेला लागलं तर अंगावर काटा आणणारं पाणी उरतं. तिथे त्याला कडवं पाणी म्हणत. ते तीन दगडी हौदांत साठवायचे. थंडी पडली की त्यातून दुसरं एक मीठ सुयांसारखं जमून यायचं आणि पोत्यांत भरून कापड रंगवणाऱ्यांकडे जायचं.

किती थंडीला किती मीठ जमेल हे आधीच गणिताने सांगायचं, हे माझं पीएच.डी.चं काम. एकट्या मिठाचं गणित सोपं असतं, कुठल्याही पुस्तकात तक्ता सापडतो. पण कडव्या पाण्यात चार-पाच क्षार एकत्र नांदत असतात आणि एकत्र कुटुंबातल्या जावांसारखं एकीचं वागणं दुसरीवर ठरतं. कोण कोणाला किती ओढतं, कोण कोणाला पाण्यात धरून ठेवतं, याचा एकेक आकडा समीकरणात घालावा लागतो. आणि तो घरी बसून सुचत नाही, मोजावा लागतो. म्हणून मी मुंबई सोडून, गमबूट घालून, त्या चिखलात येऊन बसले होते.

पहिला आणि दुसरा हौद माझं ऐकायचे. कागदावर जो अंश यायचा त्याच अंशाला त्यांच्यात सुया धरायच्या. सकाळी ऊन पडलं की त्या सुया तडकायच्या आणि हौदांतून बारीक कुरकुर ऐकू यायची, कोणीतरी लांबवर भाजलेले पापड मोडत बसल्यासारखी. तिसऱ्या हौदातून आवाज म्हणून यायचा नाही. त्यातलं पाणी लांबच्या वाफ्यांतून यायचं, मूळचंच सगळ्यांत कडवं. हिशेबाने पहिला तोच जमायला हवा होता. पण तेरा अंशांपर्यंत पारा उतरला तरी त्यात एक सुई धरायची नाही. वारा सुटला की इतर हौदांवर लाटा उठायच्या, याच्यावर मात्र नुसती कातडी सरकल्यासारखं काहीतरी सरकायचं. खरं सांगते, त्या काठावर मी पाठ करून कधी उभी राहिले नाही. का, ते मला तेव्हा विचारलं असतंत तर मी तुमच्यावरच डाफरले असते.

नमुने काढायला माझ्या हाताखाली पदी होती. पदी घरत, पस्तिशीची, मिठागरातच जन्म गेलेली. लांब दांडीच्या डावाने ती पाणी काढायची, बाटलीत भरायची, बूच लावायची. मी तिला अहो-जाहो करायचे आणि ती मला "बाय, तू" म्हणायची. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच, आणि मला ते आवडायचं. वाफ्यातल्या कामाने पाय सडतात, म्हणून मुकादमानेच तिला या हलक्या कामावर लावली होती. मला तो त्याचा मोठेपणा वाटला होता.

तिचा नवरा जोमा मिठागरातला पंप चालवायचा. मी तिथे जायच्या महिनाभर आधी एका सकाळी तो कामावर गेला आणि परत आला नाही. वस्तीत सगळे म्हणाले, पळाला. कोणी आखातात गेला म्हणे, कोणी अलिबागच्या एका बाईचं नाव घेई. पदीच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि दोन्हीकडे बघून लोक हसायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून त्या तिचं दार चुकवून पुढे जायच्या. सासरा म्हणायचा, मुलगा पळाला तो हिच्याचमुळे, हिने घर सोडावं.

"तो पळाला नाय, बाय," ती मला एकदाच म्हणाली होती. "पळणारा मानूस नवा सदरा खुंटीला ठेवून जात नाय. मेला असंल तर मेला म्हनून सांगा. मी रडून मोकली होईन. पन कोनी काय ते सांगत नाय."

मी तोंडदेखलं हं म्हटलं आणि डाव पुढे केला. माझ्यापुढे माझंच दुखणं होतं. मार्चअखेर शिष्यवृत्ती संपत होती आणि तिसरा हौद गणितात बसत नव्हता.

मग केळुसकर सरांचं पत्र आलं. सर माझे गाईड, मुंबईहून दर आठवड्याला निळ्या अंतर्देशीय पत्रावर सूचना पाठवायचे. त्यांनी लिहिलं होतं, तिसऱ्या हौदात मॅग्नेशियम जास्त आहे, तेव्हा तिथे तीन आयनांचा एकमेकांवर एकत्र परिणाम होत असणार. समीकरणातलं त्याचं पद आपण शून्य धरलं आहे. ते शून्य काढ आणि तुझ्या नोंदींवरून आकडा बसव.

मी बसवला. चार दिवस आकडेमोड केली आणि शून्य पूर्णांक शून्य सतरा असा आकडा आला. तो घातल्याबरोबर दोन हिवाळ्यांचे सगळे ठिपके रेषेवर येऊन बसले. पहिल्या दोन हौदांना धक्का नाही आणि तिसराही शहाण्यासारखा रांगेत. अहो, मी खोलीत एकटीच नाचले. असा आकडा आधी कोणी काढलेला नव्हता. सरांनी उलट टपाली कळवलं की सुरेख बसलं आहे, यावर निबंधही होईल, आता कशालाही हात लावू नकोस.

हा आनंद कोणाला तरी सांगायला हवा, तर समोर पदी. मी तिला आलेखाचा कागद दाखवला. तिला काय कळणार म्हणून सोपं करून सांगितलं की या पाण्यात असं काहीतरी आहे, जे मिठाला धरून ठेवतं, खाली बसू देत नाही, आणि ते किती जोरात धरतं त्याचा हा आकडा.

तिने कागदाकडे पाहिलंच नाही. तिने विचारलं, "काय हाय?"

"म्हणजे?"

"पान्यात काय हाय, जे धरतं?"

मी म्हटलं, वस्तू नव्हे हो, गुणधर्म. पाण्याचा स्वभाव समजा.

"सभाव दोन वर्सांत बदलतो काय?" ती म्हणाली. "आदी यो हौद पयला जमायचा. दिवाली झाली का यातच मीठ धरायचं, मंग त्या दोघांत. जोमा गेला त्या सालापासून नाय जमला."

मला आठवतंय, माझ्या हातातला कागद वाऱ्याने फडफडत होता आणि मला तो धरवेना. दोन वर्षं मी त्या पाण्याची घनता मोजली, तापमान मोजलं, त्यातला एकेक क्षार वेगळा काढून तोलला. आधी हा हौद जमायचा का, एवढं साधं त्या बाईला विचारलं नव्हतं. मी शास्त्रज्ञ होते ना!

राग आला मला. तिचाच आला आधी, मग स्वतःचा. पाणी नितळ राहिलं म्हणजे ते त्याच्या विद्राव्यतेच्या मर्यादेत आहे, हे मी गृहीत धरून बसले होते. पण पाण्यात डिंकासारखं, सरसासारखं काही विरघळलं असेल, तर मीठ जमायचं असूनही अडकून राहतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. ते तपासायचं सोडून मी त्या अडकण्यालाच आकडा लावला होता.

संध्याकाळी मी पदीच्या चुलीतला कोळसा आणून वस्त्रगाळ कुटला. कोळसा अशी चिकट द्रव्यं शोषून घेतो, क्षारांना सोडून देतो. तिसऱ्या हौदाचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीत कोळसा घालून तासभर हलवलं आणि गाळून घेतलं. दुसरी तशीच ठेवली. दोन्ही खिडकीबाहेर शेजारी शेजारी ठेवून मी झोपले.

सकाळी तशी ठेवलेली बाटली जशीच्या तशी होती. कोळशाची बाटली गळ्यापर्यंत सुयांनी गच्च भरली होती. मी ती हातात घेतली तेव्हा आतून कुरकुर ऐकू आली.  दोन वर्षांत त्या पाण्याने पहिल्यांदा आवाज केला होता, आणि तो मला ऐकवेना.

सात वाजता मुकादम आला. त्याने नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं. मग म्हटलं, "मुकादम, या हौदात काही पडलंय का कधी?"

तो म्हणाला, "कुत्रं पडलं व्हतं मागं."

"मग ते काढलं असेल ना?"

"बुडालं."

 त्या पाण्यात नारळ अर्धा वर राहायचा. एकदा माझा गमबूट पडला होता, तो पाणी भरूनही काठाला आला. खुद्द मी पाय घसरून पडले होते, तेव्हा मला उभंही राहता येईना, पाणी मला खालून वर ढकलत होतं.

"या पाण्यात काही बुडत नाही, मुकादम," मी म्हटलं. "बुडवावं लागतं."

तो ओरडला नाही की रागावला नाही. टोपीच्या कडेला चिमटीत धरून फिरवत राहिला. मग अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणाला, "बाय, तुजा आकडा झाला ना? पदी सांगत व्हती. झाला ना? मंग जा आता मुंबयला. चांगली शिकलेली पोर हायेस."

आणि इथे मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. मी गप्प बसले. एक दिवस नाही, नऊ दिवस. तो हौद उपसला आणि खाली काही निघालं, तर तिसऱ्या हौदाची एकूण एक नोंद खोटी ठरणार होती. माझा आकडा म्हणजे कुठल्याशा कुजक्या गोष्टीचं मोजमाप, एवढंच उरणार होतं. दोन वर्षं पाण्यात, शिष्यवृत्ती संपत आलेली, वडिलांनी शोधून ठेवलेलं स्थळ तयार. त्या नऊ दिवसांत मी ते प्रकरण लिहून पूर्ण केलं. रोज सकाळी पदी डाव घेऊन यायची, वाकून तिसऱ्या हौदातलं पाणी काढायची आणि बाटली माझ्या हातात द्यायची. मी ती घ्यायचे. एकदा तिचं बोट दगडावर कापलं, तर तिने ते त्याच पाण्यात बुडवलं, खारं पाणी चांगलं असतं म्हणून. मला भडभडून ओकारी आली. पित्त झालंय असं मी तिला सांगितलं.

दहाव्या दिवशी मी मालकांना पत्र टाकलं. मालक पनवेलला राहायचे. खरं कारण लिहायची हिंमत झाली नाही. लिहिलं एवढंच, की तिसरा हौद उपसून साफ केला तर पुढच्या थंडीत चाळीस पोती मीठ जास्त निघेल. चाळीस पोती म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी हुकूम आला.

मला वाटलं होतं, मुकादम पळून जाईल. तो आला. पंप लावायला दोन गडी पुढे झाले तर त्यांना बाजूला करून म्हणाला, "मीच लावतो." पट्टाही त्यानेच चढवला, अगदी नीट. पंप सुरू झाला. मी काठावर उभी, पदी माझ्या शेजारी. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. पण ती त्या दिवशी डाव न घेता आली होती.

पाणी हळूहळू उतरलं. दगडांवर एकेक ओली रेघ राहत गेली. कमरेइतकं पाणी उरलं, तेव्हा मुकादम बांधावरून उठला आणि पदीपाशी आला.

"पदी, तू घरा जा."

"नाय," पदी म्हणाली.

"जा गो पोरी. ऐक माजं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने काही न सांगता तिला सगळं कळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती हौदाच्या काठावर मांडी घालून बसली.

गुडघाभर पाण्यात आधी लोखंडी चाक दिसलं, जुन्या पंपाचं. मग चाकाला बांधलेली दोरी, आणि मग जोमा. दोन वर्षांत त्याला फारसं काही झालं नव्हतं. अंग काळपट, चामड्यासारखं घट्ट झालेलं, एक हात खांद्यापासून मोडलेला, पण चेहरा कुणीही ओळखावा असा. डोळे मिटलेले. गडी मागे सरकले, एकाने रामाचं नाव घेतलं. पंपाने हवा ओढली आणि तो बंद झाला.

मग वर आलेल्या उन्हात, त्याच्या अंगावरचं पाणी वाळायला लागलं तसं, त्याच्या पापण्यांवर, छातीवर, चाकाच्या आऱ्यांवर पांढऱ्या सुया धरू लागल्या. आमच्या डोळ्यांदेखत. आणि तिसऱ्या हौदातून ती बारीक कुरकुर यायला लागली. मी कानांवर हात घट्ट दाबून धरले. पदीने मात्र मान पुढे काढली आणि ऐकत राहिली, घरातल्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी.

मग ती म्हणाली, "दोन वर्सं मी याच्याच डोक्यावरून पानी काडत व्हते."

मुकादमाने पोलीस यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पंपाच्या पट्ट्याला जाळी बसवायचे पैसे मालकाने दिले होते, त्याने ती बसवली नव्हती. त्या सकाळी जोमाचा सदरा पट्ट्यात सापडला आणि मुकादमाच्या देखत तो ओढला गेला. जाळीचं विचारतील या भीतीने मुकादमाची बुद्धी फिरली आणि त्याने प्रेत जुन्या चाकाला बांधून हौदात सोडलं. नंतर काढायचं म्हटलं तर ते जास्तच अवघड होऊन बसलं. हौद जमला असता तर मीठ खणायला माणसं आत उतरली असती, म्हणून तो रोज सकाळी विचारायला यायचा. पदीला हलकं काम दिलं तेही त्यानेच, आणि ते सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

जोमाचा दहावा खाडीवर झाला. पदीचं कपाळ मोकळं होतं, हातांत बांगड्या नव्हत्या. ज्या बायका दोन वर्षं तिचं दार चुकवत होत्या त्या तिला धरून उभ्या होत्या. सासऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं की घर तिचंच आहे. ती रडली, पोटभर, मोठ्याने, मोकळेपणाने. तिच्यासाठी मला बरं वाटलं, आणि माझी स्वतःची लाजही वाटली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीवर टोपली घेऊन आली होती. म्हणाली, तुझ्या बाटल्यांत तो थोडाथोडा आहे, तेवढाही मला दे, सगळा एकदम खाडीला देऊ. मी तिसऱ्या हौदाच्या एकशे अकरा बाटल्या मोजून दिल्या. दहाव्याला तिने एकेक बूच काढून सगळ्या खाडीत ओतल्या. ओहोटी होती, पाणी जात होतं. शेवटची बाटली विसळून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"बाय, त्याचं अजून काय तुज्याजवल रायलं का?"

तिसऱ्या हौदाचं प्रकरण मी आदल्या संध्याकाळी रजिस्टर टपालाने सरांकडे पाठवलं होतं. त्यात तो आकडा होता, आणि तळटीप कुठेही नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "सगळं दिलं."

ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. पण ती खाली वाकली आणि ओल्या हातांनी माझ्या पायांना शिवली. म्हणाली, तू नसतीस तर मना तो मिलाला नसता. मी पाय मागे घेतले नाहीत, कारण मागे घेतले असते तर का घेतले ते सांगावं लागलं असतं.

मे महिन्यात माझा प्रबंध मान्य झाला. शून्य पूर्णांक शून्य सतरा हा आकडा अजून तक्त्यांमध्ये छापतात, माझ्या नावावर.